पतितांसाठीं उघडलेलें द्वार

ज्युबिलीच्या निमित्तानें देवळास रंग लागला, घंटा घांसूनपुसून लख्ख झाली, गायकवृंदाच्या तालमी सुरू झाल्या. हें सर्व यथायोग्यच होय. परंतु ‘ज्युबिली’ हा शब्द ज्या हिब्रू शब्दावरून निघाला, त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे, आणि तें शिंग कशाकरितां फुंकीत असत हें जाणल्यावांचून या उत्सवाचें मर्म पुरतेपणीं कळावयाचें नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें, दास्यांत पडलेल्यांस मोकळें करावें, आणि ज्याची जमीन हातची गेली असेल त्यानें आपल्या वतनावर परत यावें. म्हणजे ज्युबिलीचा आरंभ मुळीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं, आणि तिचें सार काय, तर परत येण्याची मोकळीक. पुढें सन १३०० मध्यें परमगुरु आठवे बोनिफास यांनीं रोम येथें पहिलें ज्युबिली वर्ष जाहीर केलें, तेंहि पश्चात्तापपूर्वक पापनिवेदन करून येणाऱ्या यात्रेकरूंस पापदंडाची पूर्ण माफी मिळावी म्हणूनच.

पाप केलेल्या माणसास परत येतां येतें, ही गोष्ट आज आम्हां कॅथलिकांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिचें कोणास नवल वाटत नाहीं. उपवासकाळांत पापनिवेदनासाठीं रांग लागते, आपली पाळी येते, आणि कांहीं मिनिटांत माणूस हलक्या मनानें घरीं जातो. परंतु एक काळ असा होता कीं, परत येतां येतें कीं नाहीं याच प्रश्नावर ख्रिस्तसभा दुभंगली. तो काळ तिसऱ्या शतकाचा मध्य, आणि स्थळ मुख्यतः उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, आजच्या ट्युनिस शहराशेजारचें कार्थेज. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्यापूर्वींची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. स्नानसंस्कारानें सर्व पापें धुतलीं जातात, हें सर्वांसच मान्य होतें. अडचण होती ती त्यानंतरच्या पापांची. धर्मत्याग, खून व व्यभिचार हीं तीन पापें इतकीं घोर मानलीं जात कीं, त्यांस ख्रिस्तसभेनें क्षमा द्यावी कीं तो न्याय देवावरच सोंपवावा याविषयीं ठिकठिकाणीं निरनिराळीं मतें होतीं. ज्यांस प्रायश्चित्ताची संधि मिळे त्यांस ती आयुष्यांत एकदांच, आणि तीहि एकांतांत नव्हे तर सर्व मंडळीसमक्ष. गोणपाट नेसावें, राख फांसावी, उपवास करावे, आणि धर्मगुरूंच्या व बंधुजनांच्या पायां पडून आपल्यासाठीं प्रार्थना करण्याविषयीं विनवावें, असा तो प्रकार असे. एकट्यादुकट्या पाप्यासाठीं ही रीत पुरेशी होती. परंतु एके दिवशीं बहुतेक सर्व मंडळीच पाप करून बसली, तर?

नेमकें तेंच घडलें. सन २४९ मध्यें रोमच्या गादीवर आलेल्या देकियस बादशहानें असें फर्मान काढिलें कीं, साम्राज्यांतील रहिवाशांनीं राज्याच्या देवांस यज्ञबलि अर्पण करावा, प्रसाद चाखावा व तसें केल्याचा लेखी दाखला सरकारी पंचांकडून घ्यावा. मिसर देशाच्या कोरड्या वाळूंत असे चाळीसांहून अधिक दाखले सांपडले असून त्यांपैकीं पहिला सन १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. २६ जून २५० या तारखेचा एक दाखला एका खेडेगांवच्या बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचा आहे. उजव्या भुंवईवर व्रण, अशी ओळखीची खूण त्यांत टिपलेली असून, आपण देवांस सदैव यज्ञ करीत आलों व आतांहि पंचांच्या डोळ्यांदेखत केला, असें त्यानें लिहून दिलें आहे. ख्रिस्ती व अख्रिस्ती या दोघांसहि हा दाखला घेणें भाग होतें. तो कागद कोणत्याहि कचेरींतल्या रुक्ष कागदासारखा दिसतो. पण असल्याच कागदापायीं परमगुरु फाबियन यांस २० जानेवारी २५० रोजीं रोममध्यें प्राण द्यावे लागले.

कार्थेजमध्यें काय झालें तें तेथील बिशप संत सिप्रियन यांनीं पतितांविषयीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविलें आहे. शिपायांनीं येऊन धरावें याची लोकांनीं वाटहि पाहिली नाहीं. ते आपण होऊन कापिटोलच्या टेकडीवरील देवळाकडे धांवले. सायंकाळ झाली, आतां उद्यां या, असें अंमलदार म्हणूं लागले, तेव्हां आमचें आजच उरकून घ्या म्हणून त्यांनीं गयावया केली. आईबापांनीं तान्हीं मुलें उचलून तेथें नेलीं. सिप्रियन याचें कारण पूर्वींच्या दीर्घ शांततेंत शोधतात: लोकांस धनाची चटक लागली होती, व कित्येक बिशपसुद्धां आपली गादी सोडून व्यापार व सावकारी करीत गांवोगांव फिरत होते. छळानें ख्रिस्तसभा मोडली असें आपण म्हणतों. सिप्रियन यांच्या मतें ती आधींच आंतून पोखरली होती.

पतितांतहि प्रकार होते. कांहींनीं प्रत्यक्ष बळी दिला, कांहींनीं चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकला, तर कांहींनीं अंमलदाराचा हात ओला करून यज्ञ न करितांच दाखला पदरांत पाडून घेतला. या शेवटच्यांस प्रामाणिकपणें असें वाटे कीं आपण तर कांहींच केलें नाहीं. पैसे देऊन खोटा दाखला मिळविण्याची विद्या फार जुनी आहे, एवढेंच येथें म्हणूं.

आतां या सर्वांचा न्याय ज्यानें करावयाचा तो बिशप कोठें होता? सिप्रियन हे कार्थेजमधील नांवाजलेले वक्ते व धनाढ्य गृहस्थ. सन २४६ च्या सुमारास त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि दोनतीन वर्षांतच लोकांच्या आग्रहानें ते बिशप झाले. छळास आरंभ होतांच ते शहर सोडून गुप्त ठिकाणीं राहिले व तेथून पत्रद्वारें कारभार पाहूं लागले. त्या वेळीं रोमच्या धर्मगुरूंकडून कार्थेजच्या धर्मगुरूंस एक पत्र आलें, त्यांत लांडगा येतांच कळप टाकून पळणाऱ्या मोलकरी मेंढपाळाचा सूचक उल्लेख होता. रोख कोणावर हें सांगावयास नको. सिप्रियन यांनीं तें पत्र रोमला परत धाडून विचारणा केली कीं, कोणीं लिहिलें व कोणास लिहिलें हें यांत स्पष्ट नाहीं, मजकूर व कागदहि संशयास्पद दिसतो, तरी हें आपलेंच आहे काय तें कळवावें. या उत्तरांतली खोंच चतुर वाचकांच्या ध्यानांत येईल. मागाहून त्यांनीं अज्ञातवासांतून लिहिलेल्या तेरा पत्रांच्या नकला रोमला पाठवून आपण कळप सोडला नव्हता हें दाखवून दिलें. तरीपण ज्यानें स्वतः लपून जीव वांचविला त्यानें पतितांस प्रायश्चित्त सांगावें, हें कित्येकांच्या मनास रुचेना, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

पतितांनीं मग दुसरी वाट शोधली. तुरुंगांत ख्रिस्तासाठीं हालअपेष्टा सोसणारे बंदी होते; त्यांच्याविषयीं मंडळींत अपार आदर होता. त्यांच्याकडे जाऊन, यास पुन्हा मंडळींत घ्यावें, अशी चिठी मिळविण्याची रीघ लागली. कांहीं बंदी तर अमक्यास त्याच्या माणसांसह आंत घ्यावें, असें मोघम लिहून देऊं लागले, आणि अशा एका चिठीवर वीसवीस तीसतीस माणसें आंत शिरूं पाहतील, अशी सिप्रियन यांची तक्रार होती.

त्या काळचें एक पत्र मात्र असें आहे कीं तें वाचून मन द्रवल्यावांचून राहत नाहीं. रोममध्यें स्वतः बेड्या सोसून सुटलेला चेलेरिनस नांवाचा तरुण कार्थेजच्या तुरुंगांतील लुसियानस या मित्रास लिहितो. त्याच्या दोन बहिणी, नुमेरिया व कान्दिदा, पतित झाल्या होत्या. एकीनें तर पैसे भरून आपली सुटका करून घेतली होती व यज्ञस्थानाच्या वाटेवरून ती माघारी फिरली होती. भावानें आनंदाचा पास्काकाळ रात्रंदिवस रडण्यांत, गोणपाट व राख यांत घालविला. त्या दोघी स्वस्थ बसल्या नव्हत्या. कार्थेजहून हांकलून दिलेले पांसष्ट साक्षीदार रोमला आले, तेव्हां त्या बंदरावर त्यांस सामोऱ्या गेल्या व त्यांच्या सेवेस लागल्या. यांस क्षमा मिळावी, अशी भावाची याचना होती. लुसियानसनें होकार कळविला. तो ज्या कोठडींतून लिहीत होता तेथें त्याचे सोबती भुकेनें मरत होते.

या बहिणी डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या म्हणजे सिप्रियन यांचा हट्ट कोणासहि निष्ठुर वाटेल. त्यांचें म्हणणें काय होतें? छळ थांबूं द्या, बिशप एकत्र जमूं द्या, प्रत्येकाचें वेगळें ऐकूं द्या; तोंपर्यंत पतितांनीं रडावें व वाट पाहावी. मात्र जो मरणास टेकला असेल व ज्याच्यापाशीं बंदीजनांची चिठी असेल, त्यास अडवूं नये. आमच्या मतें त्यांची दृष्टि खोल होती. आपला मराठी शब्दच पाहा: ‘पश्चात्ताप’, म्हणजे कृत्यानंतर होणारा ताप. तो ताप अंगांत मुरण्यास वेळ लागतो. चिठी दाखवून आंत शिरलेल्या माणसास शिक्षा चुकते, पण ताप होत नाहीं. आणि जखम वरून बांधून टाकली तर आंत पू धरतो, हेंच सिप्रियन पुन्हा पुन्हा सांगत होते.

सन २५१ च्या वसंतांत ते परत आले व पास्कानंतर कार्थेज येथें बिशपांची परिषद भरली. आतां त्यांस दोन बाजूंनीं विरोध होता. एकीकडे फेलिचिसिमस नांवाचा उपधर्मगुरु व पांच धर्मगुरु, हे कोणासहि विनाविलंब आंत घेण्यास तयार. दुसरीकडे रोममध्यें नवे परमगुरु कर्नेलियस यांच्याविरुद्ध स्वतः बिशप होऊन बसलेला विद्वान नोव्हातियन. याचें म्हणणें असें कीं, ख्रिस्ताचा नाकार करणाऱ्यानें आमरण पश्चात्ताप करावा, देव त्याचें काय करील तें करील, परंतु ख्रिस्तसभेचें दार त्यास मरणसमयींहि उघडूं नये. मौज अशी कीं, कार्थेजमध्यें ढिलाईच्या पक्षांत असलेला नोव्हातस नांवाचा धर्मगुरु रोमला जातांच या कडव्या पक्षास मिळाला! माणसास तत्त्वापेक्षां तंटा प्रिय असतो तो असा.

परिषदेचा निर्णय दोहोंच्या मधला झाला, पण तो नुसता तडजोडीचा नव्हता. सरसकट निवाडा करावयाचा नाहीं, तर प्रत्येकाचें वेगळें पाहावयाचें, असें ठरलें. जो पहिल्याच हांकेस धांवत गेला तो, आणि जो पुष्कळ झगडून मग हरला तो, हे दोघे सारखे कसे? ज्यानें स्वतःबरोबर सर्व घरदार ओढून नेलें तो, आणि ज्यानें एकट्यानें जाऊन पाप आपल्या माथीं घेतलें व बायकामुलांस वांचविलें तो, हे तरी सारखे कसे? ज्यांनीं केवळ दाखला विकत घेतला होता त्यांस चौकशीअंतीं आंत घ्यावें. ज्यांनीं बळी दिला त्यांनीं दीर्घ प्रायश्चित्त करावें व मरणसमयीं त्यांस क्षमा मिळावी, असें ठरलें. रोममध्यें साठ बिशपांच्या परिषदेनें याच बाजूचा कौल दिला. नोव्हातियनास सिप्रियन यांनीं एका दृष्टान्तानें उत्तर दिलें. शेतकऱ्यास नांगर, पेर, घाम गाळ म्हणून सांगावें, आणि त्याच तोंडानें पीक मात्र तुला मिळावयाचें नाहीं म्हणून बजावावें, तर तो बिचारा शेतांत पाऊल कशाला टाकील?

त्याच सुमारास मिसर देशांतील आलेक्सांद्रिया येथें घडलेली एक गोष्ट तेथील बिशप दियोनिसियस यांनीं अंत्युखियाच्या बिशपास लिहून कळविली. कारण हे अंत्युखियाचे बिशप नोव्हातियनाकडे झुकूं लागले होते. इतिहासकार युसेबियस यांनीं तें पत्र जपून ठेविलें. सेरापियोन नांवाचा एक म्हातारा होता. सर्व आयुष्य निर्दोष काढून छळाच्या वेळीं तो घसरला व त्यानें बळी दिला. त्यानंतर तो वारंवार क्षमा मागे, परंतु त्याच्याकडे कोणी लक्ष देईना. पुढें तो आजारी पडला, तीन दिवस वाचा व शुद्धि हरपून पडून राहिला. चौथ्या दिवशीं थोडें चलनवलन होतांच त्यानें आपल्या नातवास जवळ बोलाविलें व धर्मगुरूस आणावयास पिटाळलें. रात्रीची वेळ; धर्मगुरु स्वतः आजारी, त्यास उठवेना. त्यानें पवित्र ख्रिस्तशरीराचा लहानसा अंश मुलाच्या हातीं दिला आणि तो भिजवून म्हाताऱ्याच्या तोंडांत घालण्यास सांगितलें. मुलगा घरांत पाऊल टाकतो न टाकतो तोंच म्हाताऱ्यास पुन्हा शुद्धि आली. धर्मगुरूस येतां आलें नाहीं ना, असो, तूं सांगितलें तें लवकर कर, अशा अर्थाचें कांहीं तो बोलला. मुलानें तसें केलें. म्हाताऱ्यानें तो घास गिळला आणि प्राण सोडला. जो प्रश्न सोडविण्यास बिशपांच्या परिषदा बसल्या होत्या, तो अंधाऱ्या गल्लींतून एका पोरानें मुठींत धरून घरीं नेला.

दियोनिसियस यांनीं या गोष्टीपासून इतकेंच विचारलें कीं, हा म्हातारा मुक्त होईपर्यंत देवानेंच त्याचा जीव राखला हें उघड नाहीं काय? अंत्युखियाच्या बिशपाचें मन या पत्रानें वळलें कीं नाहीं तें बाजूस ठेवूं. आम्हांस तरी यापुढें नोव्हातियनाचा पक्ष घेणें कठीण जातें.

पुढें सन २५२ च्या सुमारास नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागलीं, तेव्हां आफ्रिकेच्या बेचाळीस बिशपांनीं आपल्या सह्यांनिशीं कर्नेलियस यांस कळविलें कीं, जे पतित प्रामाणिकपणें प्रायश्चित्त करीत राहिले त्यांस, बळी दिलेला असला तरी, आतां तात्काळ आंत घेण्याचें आम्हीं ठरविलें आहे. त्यांचें कारण ऐकण्यासारखें आहे. शिपायास शस्त्र न देतां रणांत कसें पाठवावें? ज्यांस आपण ख्रिस्ताचा प्याला देत नाहीं, त्यांनीं ख्रिस्तासाठीं रक्त सांडावें असें कोणत्या तोंडानें सांगावें? काल दाराबाहेर रडत उभ्या राहिलेल्यांवरच उद्यांच्या लढाईची भिस्त होती. पूर्वीं पडलेले कास्तस व एमिलियस हे दोघे दुसऱ्या खेपेस अग्निदिव्यांतून पार होऊन रक्तसाक्षी झाले, याचें स्मरण सिप्रियन यांनीं आपल्या ग्रंथांत आधींच दिलें होतें.

येथें आम्हांस एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते. आपण रक्तसाक्ष्यांचे वंशज, असें ज्युबिलीच्या व्यासपीठांवरून अभिमानानें सांगितलें जातें. तें खोटें नाहीं, पण अर्धेंच खरें आहे. कार्थेजमध्यें रक्तसाक्षी थोडे झाले व पतित पुष्कळ. नोव्हातियनाचें ऐकलें असतें तर त्या शहरांत मूठभर शुद्ध माणसें उरलीं असतीं. मंडळी तगली ती परत घेतलेल्यांच्या बळावर. श्रद्धेची परंपरा आपल्यापर्यंत ज्यांनीं पोंचविली त्यांत हे माफी मिळालेले लोकच संख्येनें अधिक.

पुढची कथा थोडक्यांत आटोपूं. कर्नेलियस सन २५३ मध्यें हद्दपारींत वारले. सन ३२५ च्या निकिया परिषदेनें मरणोन्मुखास शेवटची शिदोरी, म्हणजे पवित्र ख्रिस्तशरीर, नाकारूं नये असा नियम केला, आणि स्वतःस ‘शुद्ध’ म्हणविणाऱ्या नोव्हातियनाच्या अनुयायांस परत येण्याचा मार्ग आंखून दिला. त्यांचा अकेसियस नांवाचा बिशप आपलीं मतें मांडूं लागला, तेव्हां कोन्स्तान्तीन बादशहानें त्यास, मग शिडी लावून एकट्यानेंच स्वर्गांत चढावें, असा टोला दिला, असें इतिहासकार सोक्रातीस सांगतात. सन ३९० मध्यें थेसलनीका येथील कत्तलीबद्दल खुद्द थियोडोसियस बादशहास मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनीं प्रायश्चित्त करावयास लाविलें. नंतर आयर्लंडच्या मठवासीयांनीं खासगी व वारंवार करावयाच्या पापनिवेदनाची चाल युरोपभर पसरविली. सन १२१५ च्या चौथ्या लातरान परिषदेनें वर्षांतून एकदां तरी तें करावें असें ठरविलें. सन १५५१ मध्यें त्रेंत परिषदेनें या संस्काराचें शिक्षण विस्तारानें मांडिलें. आणि मध्यें जाळी असलेल्या लांकडी आसनाची चाल त्याच शतकांत मिलानचे संत चार्ल्स बोरोमियो यांच्या प्रयत्नांनीं रूढ झाली. गोणपाट गेलें, राख वर्षांतून एका बुधवारीं कपाळास लावण्यापुरती उरली. परंतु प्रत्येकाचें वेगळें ऐकून घ्यावयाचें, हा कार्थेजचा दंडक त्या जाळीपाशीं आजहि पाळला जातो. आणि मिस्सेंतील रोमी आभारप्रार्थना धर्मगुरु म्हणतात तेव्हां कर्नेलियस व सिप्रियन हीं नांवें एकापाठोपाठ येतात. दोघांचा सणहि १६ सप्टेंबर या एकाच दिवशीं.

सिप्रियन यांचा शेवट सांगावयाचा राहिला. छळानंतर महामारी आली, तींत त्यांनीं ख्रिस्ती-अख्रिस्ती असा भेद न ठेवितां आजाऱ्यांच्या शुश्रूषेस मंडळी लाविली. सन २५७ मध्यें वालेरियन बादशहाच्या हुकुमानें त्यांस कुरुबिस या गांवीं हद्दपार केलें. पुढल्या वर्षीं पुन्हा चौकशी निघाली, व या खेपेस ते लपले नाहींत. १३ सप्टेंबर २५८ रोजीं त्यांस धरून आणलें; सुनावणी दुसऱ्या दिवसावर गेली म्हणून त्यांस एका अधिकाऱ्याच्या घरीं ठेविलें. ती सर्व रात्र मंडळी त्या दारापुढें रस्त्यावर जागत बसली, आणि गर्दींतील तरुण मुलींस जपा, असा निरोप सिप्रियन यांनीं आंतून पाठविला. सकाळीं शिरच्छेदाची शिक्षा ऐकतांच त्यांनीं देवाचे आभार मानिले. त्याबरोबर, आमचींहि डोकीं यांच्याबरोबर उडवा, असा लोकांचा कल्लोळ उठला. आठ वर्षांपूर्वीं कापिटोलची चढण धांवत चढलेले कित्येकजण त्या गर्दींत असले पाहिजेत.

सेक्स्तसच्या शेतांत त्यांस नेलें. त्यांनीं अंगावरचा झगा उतरून ठेविला, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि मारेकऱ्यास पंचवीस सोन्याचीं नाणीं देण्यास आपल्या लोकांस सांगितलें. डोळे त्यांनीं आपल्याच हातांनीं झांकले. बंधुजनांनीं त्यांच्यापुढें वस्त्रें पसरलीं. दिवसभर देह तेथेंच होता. रात्र पडल्यावर लोक मेणबत्त्या व मशाली पेटवून आले, आणि प्रार्थना म्हणत त्यांनीं तो मोठ्या थाटानें दफनभूमीकडे नेला.